तान्हे बाळ

तान्हे बाळ म्हणजे अंगावर पिणारे, जन्मापासून साधारणतः एक वर्षापर्यंतचे मूल होय. वैद्यकात पहिल्या २८ दिवसांतील बाळाला नवजात आणि त्यानंतर वर्ष पूर्ण होईपर्यंतच्या बाळाला अर्भक म्हणतात. व्यवहारात मात्र ‘तान्हे’ हा शब्द वयापेक्षा अवलंबित्व दाखवतो. मराठीत ‘बाळ’ हे नाम नपुंसकलिंगी आहे. मुलगा असो वा मुलगी, पाळण्यातले बाळ ‘ते’ हसते आणि ‘ते’ रडते. बारशानंतर नाव रुळले की हळूहळू ‘तो’ किंवा ‘ती’ सुरू होते. प्रस्तुत लेखात बाळाच्या पहिल्या वर्षातील वाढीचे टप्पे आणि महाराष्ट्रातील कुटुंबांत त्यांच्याभोवती असलेला नित्यक्रम यांचा विचार केला आहे.

पहिला महिना

पूर्ण दिवसांच्या बाळाचे जन्मवजन भारतात बहुधा अडीच ते साडेतीन किलोग्रॅम असते. अडीच किलोग्रॅमपेक्षा कमी वजनाचे बाळ ‘कमी वजनाचे’ गणले जाते व त्यास अधिक ऊब आणि अधिक लक्ष लागते. पहिल्या आठवड्यात वजन थोडे घटते. ही घट दहा टक्क्यांपर्यंत असू शकते, आणि दहा ते चौदा दिवसांत ती भरून निघते. नवजात बाळ दिवसाचे सोळा-सतरा तास झोपते, आठ ते बारा वेळा पिते. प्रसूतीनंतरचे पहिले घट्ट पिवळसर दूध म्हणजे चीक. ‘जड’ किंवा ‘खराब’ समजून चीक पिळून टाकण्याची आणि बाळाला मध किंवा साखरपाणी चाटवण्याची रीत अनेक घरांत होती. वास्तविक चिकात रोगप्रतिकारक घटक विपुल असतात आणि बाळाच्या दृष्टीने ते पहिले संरक्षण ठरते.

पाचव्या दिवशी पाचवी पुजली जाते. त्या रात्री सटवाई येऊन बाळाच्या कपाळी त्याचे प्राक्तन लिहिते, अशी श्रद्धा आहे. त्यासाठी पाटावर कोरा कागद व लेखणी ठेवतात आणि घरातील स्त्रिया जागरण करतात. काही समाजांत हा विधी सहाव्या दिवशी होतो. या जागरणामागील भीती निराधार नव्हती. अस्वच्छ हत्याराने नाळ कापल्यामुळे होणारा नवजात धनुर्वात बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसांच्या दरम्यान प्रकट होत असे, आणि चांगले पीत असलेले बाळ एकाएकी पिणे सोडून ताठ होऊन दगावत असे. सटवाईच्या रात्रीचा आणि या दिवसांचा संबंध जोडणे अवाजवी ठरू नये. गर्भवतींचे लसीकरण आणि स्वच्छ प्रसूती यांमुळे हा आजार हटला. २०१५ मध्ये भारतातून माता व नवजात धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले.

तरीही पहिला महिना हाच सर्वांत जोखमीचा काळ आहे. नमुना नोंदणी पाहणीच्या २०२० च्या आकडेवारीनुसार भारतात दर हजार जिवंत जन्मांमागे २८ बालके वर्षाच्या आत दगावली आणि त्यांपैकी २० पहिल्या २८ दिवसांत. महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर त्या वर्षी १६ होता. हा मृत्यू घरातच रोखता येतो, हे गडचिरोली जिल्ह्यात सिद्ध झाले. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९५ पासून ३९ गावांत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळाची काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले. बाळाचे वजन करणे, त्याला उबदार ठेवणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखणे आणि गरज पडल्यास प्रतिजैविक देणे ही कामे या आरोग्यदूत करू लागल्या. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्युदर तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी आढळला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २०११ पासून याच धर्तीवर देशभर आशा कार्यकर्ती घरोघरी जातात. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी तिच्या भेटी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी होतात. बाळंतिणीने सव्वा महिना घराबाहेर पडू नये या जुन्या संकेताची मुदत आणि शेवटच्या भेटीचा दिवस जवळपास एकच येतो.

बाळ पिईनासे झाले, हातपाय गार पडले, श्वास धापेसारखा चालू लागला, छातीत खड्डे पडू लागले, झटके आले किंवा कावीळ तळपायांपर्यंत उतरली, तर उशीर न करता त्याला दवाखान्यात न्यावे लागते. नवजात बाळाला गंभीर संसर्गात ताप येईलच असे नसते. उलट ते थंड पडू शकते.

तेल-पाणी

मराठी घरातील बाळाचा दिवस न्हाणीभोवती फिरतो. सकाळी खोबरेल किंवा तिळाचे तेल कोमट करून बाळाला मालीश करतात. नंतर घरातील आजी किंवा न्हाऊ घालायला येणारी बाई पाटावर पाय लांब करून बसते, बाळाला नडग्यांवर आधी पालथे व मग उताणे निजवते आणि डाळीचे पीठ व साय लावून ऊन पाण्याने न्हाऊ घालते. टाळूवर तेल थापतात, अंग टिपून शेगडीवरील ओवा-वेखंडाची धुरी देतात, दुपट्यात घट्ट गुंडाळतात, काजळ घालतात आणि गालाला किंवा कपाळाच्या कडेला काळी तीट लावतात. त्यानंतर बाळ दोन-तीन तास गाढ झोपते व तेवढ्यात घरातील कामे उरकतात. न्हाऊ घालणाऱ्या बाईचे कसब मोठे असते. ओले, तेलकट, वळवळणारे मूल एका हाताने धरण्याची ती विद्या कोणत्याही पुस्तकातून येत नाही.

या सर्व प्रकारांना एकाच मापाने मोजणे योग्य नव्हे. हलक्या हाताचे मालीश निर्धोक असून त्यामुळे बाळाला स्पर्श व ऊब मिळते. ढाक्यातील एका बालरुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सूर्यफुलाचे तेल लावल्यावर संसर्गाचे प्रमाण घटल्याचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मोहरीचे तेल मात्र कोवळ्या त्वचेला झोंबते. जन्मल्याबरोबर न्हाऊ घालण्याची घाई करू नये, किमान २४ तास थांबावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कारण ओले बाळ पटकन गार पडते. नाक-कानांत तेल सोडणे, नाकात फुंकणे, डोके ‘गोल’ व्हावे म्हणून दाबणे आणि धुरीचा धूर कोंडणे या गोष्टींनी अपाय होतो. टाळू तेलाने ‘भरत’ नाही. कवटीची हाडे वाढून पुढची टाळू साधारण नऊ ते अठरा महिन्यांत आपोआप मिटते. काजळाने डोळे मोठे होत नाहीत. विकतच्या काही काजळांत शिसे आढळले आहे आणि घरच्या काजळानेही बोटावरील जंतू डोळ्यात जातात. तिटेला मात्र कोणाची हरकत असण्याचे कारण नाही.

बाळगुटी

मुरडशेंग, हळकुंड, वेखंड, अतिविष, हिरडा, बेहडा, जायफळ, ज्येष्ठमध, सागरगोटा, खारीक, बदाम इत्यादी पदार्थ सहाणेवर मोजके वेढे देऊन उगाळतात व ते चाटण बाळाला देतात. यास बाळगुटी किंवा घुटी म्हणतात. कोणत्या जिनसाचे किती वेढे, हे बाळाच्या पोटाकडे पाहून ठरवणारी आजी हा या पद्धतीचा आधार होता. सहा महिने निव्वळ आईचे दूध, वरचे पाणीही नाही, ही आजची वैद्यकीय शिफारस असल्यामुळे बालरोगतज्ज्ञ गुटीस संमती देत नाहीत. सहाण, पाणी आणि बोट यांतून जुलाबाचे जंतू जातात, हा त्यांचा मुख्य आक्षेप आहे. गुटी मधात देत असल्यास धोका आणखी वाढतो, कारण मधात असणाऱ्या काही जिवाणूंच्या बीजाणूंमुळे वर्षाखालील बाळास बोट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा दुर्मीळ आजार होऊ शकतो. मध वर्षभर वर्ज्य समजावा.

बारसे आणि आजोळ

बारसे बहुधा बाराव्या दिवशी होते. पाळणा सजवून स्त्रिया बाळाला पाळण्याच्या खालून-वरून एकमेकींच्या हाती देतात, सोबत टोपडे घातलेला वरवंटाही फिरवतात. वरवंट्यासारखे दणकट व दीर्घायू हो, असा त्यामागील भाव सांगितला जातो. नाव ठेवण्याचा मान आत्याचा असतो. ती बाळाच्या कानात नाव सांगत असताना भोवतालच्या स्त्रिया तिच्या पाठीत लटके धपाटे घालतात. घुगऱ्या वाटतात आणि पाळणे म्हटले जातात. पाळणा आणि अंगाई हे मराठी लोकगीतांचे स्वतंत्र प्रकार असून, स्त्रियांच्या ओव्यांतही तान्ह्या बाळाचा मोठा भाग आहे. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’ या संग्रहात अशा ओव्या एकत्र केल्या.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची प्रथा असल्यामुळे बाळाचे पहिले तीन-चार महिने पुष्कळदा आजोळी जातात. परिणामी पहिले हसू आणि मान धरणे आईच्या आईवडिलांच्या वाट्याला येते. वडिलांना व त्यांच्या घराला बाळ दिसते ते पालथे पडण्याच्या सुमारास. दूरध्वनीवरील चित्रसंवादाने हे अंतर अलीकडे कमी केले असले, तरी हात लावून बाळाची ओळख होणे वेगळे. बाळाच्या संगोपनात वडिलांचा सहभाग उशिरा सुरू होण्यामागे या प्रथेचाही वाटा आहे.

वाढीचे टप्पे

सहा ते आठ आठवड्यांत बाळ समोरच्या चेहऱ्याकडे पाहून हसू लागते. त्याआधीचे झोपेतले हसू, ज्याला सटवाई हसवते असे म्हणतात, ते प्रतिक्षिप्त असते. तिसऱ्या-चौथ्या महिन्यात ते मान धरते, चौथ्या ते सहाव्या महिन्यात कुशीवर वळून पालथे पडते, सहाव्या महिन्याच्या आसपास आधाराने बसते आणि पुढे आधाराविना. मग पुढे सरकणे, रांगणे, धरून उभे राहणे आणि पाऊल टाकणे. खालचे पुढचे दोन दात बहुधा सहाव्या महिन्यानंतर दिसतात, पण वर्षाअखेरीस पहिला दात येणारी निरोगी मुलेही असतात. वजन पाचव्या महिन्यात जन्मवजनाच्या दुप्पट आणि वर्षाला तिप्पट होते. सुमारे ५० सेंटिमीटर असलेली लांबी ७५ सेंटिमीटरच्या घरात जाते.

या क्रमातील वेळा लवचीक असतात, आणि घरोघरीची काळजी नेमकी येथेच सुरू होते. शेजारचे मूल आठव्या महिन्यात रांगते आणि आपले अजून बसलेलेच आहे, ही तुलना आईला, विशेषतः पहिलटकरणीला, फार बोचते. जागतिक आरोग्य संघटनेने घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या पाच देशांतील निरोगी बालकांचा अभ्यास करून २००६ मध्ये त्यांच्या हालचालींच्या वेळा प्रसिद्ध केल्या. त्यात आधाराविना बसण्याची मर्यादा ३.८ ते ९.२ महिने, हातागुडघ्यांवर रांगण्याची ५.२ ते १३.५ महिने आणि स्वतंत्र चालण्याची ८.२ ते १७.६ महिने अशी आढळली. सुमारे चार टक्के मुले हातागुडघ्यांवर कधी रांगलीच नाहीत. ती बसल्या बसल्या सरकली किंवा थेट उभी राहिली. तेव्हा न रांगणे हा स्वतःहून दोष ठरत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे लागते. दोन महिने आधी जन्मलेले मूल सहाव्या महिन्यात चार महिन्यांच्या मुलासारखे वागले, तर ते मागे नसते. सातव्या महिन्यात जन्मलेले मूल जगते पण आठव्यातले जगत नाही, ही समजूत चुकीची आहे. गर्भाशयात अधिक दिवस राहिलेल्या मुलाची जगण्याची शक्यता नेहमीच अधिक असते.

‘आमच्याकडची मुले उशिराच चालतात’ असे म्हणून थांबणेही मात्र तितकेच घातक ठरू शकते. तीन महिने होऊनही बाळ चेहऱ्याकडे पाहून हसत नसेल, पाच महिन्यांत मान धरत नसेल, मोठ्या आवाजाला दचकत नसेल, दहा महिन्यांत बसत नसेल, एकच हात सतत मुठीत मिटून ठेवत असेल, किंवा आलेली गोष्ट विसरू लागले असेल, तर तपासणी करून घ्यावी. २०१३ मध्ये पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अशी तपासणी विनामूल्य होते आणि पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवर केंद्रे आहेत. कमी ऐकू येणे पहिल्या काही महिन्यांत कळले, तर यंत्र बसवून मूल बोलू शकते. ते दोन-तीन वर्षांनी कळल्यास भाषा शिकण्याचा सर्वांत सुपीक काळ निघून गेलेला असतो.

रांगत्या बाळाला उभे करण्यासाठी मराठी घरांत लाकडी पांगुळगाडा असे. दांडी धरून, स्वतःच्या पायांवर तोल सांभाळत बाळ तो ढकलते. आत बसवून फिरवण्याचे चाकांचे वॉकर हे निराळे साधन आहे. त्यातून बाळ जिना, चूल, गरम भांडी यांच्यापर्यंत वेगाने पोहोचते, आणि चालणे काही लवकर येत नाही. कॅनडाने २००४ मध्ये अशा वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली.

बोलणे

दोन महिन्यांचे बाळ हुंकार देते, चार महिन्यांचे खिदळते, सहा-सात महिन्यांचे ‘बाबाबा’, ‘मामामा’ अशी अक्षरमाला लावते. आठव्या-नवव्या महिन्यात ओळखीचे व अनोळखी चेहरे वेगळे कळू लागतात. कालपर्यंत कोणाकडेही जाणारे बाळ पाहुण्यांना पाहून रडू लागते, तेव्हा ते हट्टी झालेले नसून शहाणे झालेले असते. दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, हे याच सुमारास उमगते. म्हणून पदराआडून तोंड काढण्याच्या खेळाला या वयात रंग चढतो.

बाळाशी बोलताना मोठी माणसे वेगळीच मराठी वापरतात. त्यात मम, मंमं, दुदू, जोजो, भुर्र, बाऊ, पापा, शी, शू, भूभू, माऊ, हम्मा, चिऊ, काऊ असे शब्द येतात. या बोलीचा शास्त्रीय अभ्यास फार लवकर झाला. भाषावैज्ञानिक अशोक रा. केळकर यांचा मराठी बाळबोलीवरील इंग्रजी लेख १९६४ मध्ये ‘वर्ड’ या नियतकालिकात आला, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांतील बाळबोलींची तुलना केली. त्या सहांत अरबी, इंग्रजी, स्पॅनिश यांच्या बरोबरीने मराठी होती. ओठांवर उच्चारले जाणारे प, ब, म हे ध्वनी, एकाच अक्षराची पुनरुक्ती आणि जोडाक्षरांचे सुलभीकरण ही वैशिष्ट्ये एकमेकांशी संबंध नसलेल्या भाषांतही आढळली. ही बोली बाळ निर्माण करत नाही. मोठी माणसे ती पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांकडून शिकतात व बाळाला देतात. त्यामुळे ‘बोबडे बोललात तर मूल बोबडे राहील’ या धाकात तथ्य नाही. बाळाशी कोणी बोलतच नसेल, त्याच्या हुंकाराला उत्तर मिळत नसेल, तर मात्र त्याच्या भाषेची वाढ खुंटते. चालू दूरचित्रवाणी ही उणीव भरून काढत नाही, कारण ती बाळाच्या उत्तरासाठी थांबत नाही.

उष्टावण आणि वरचा आहार

सहा महिन्यांनंतर आईचे दूध पुरत नाही. या सुमारास उष्टावण होते. पुष्कळ ठिकाणी मामा बाळाला मांडीवर घेऊन चांदीच्या वाटीतील खीर भरवतो. विधी थाटात होतो, पण दुसऱ्या दिवसापासून काय भरवायचे याकडे दुर्लक्ष होते. भाताची पातळ पेज किंवा वरणाचे नुसते पाणी पोट भरते, पोषण करत नाही. चमच्यावरून ओघळणार नाही इतका दाट मऊ वरणभात तुपासह, मुगाची खिचडी, नाचणीचे सत्त्व, कुस्करलेले केळे, उकडलेला बटाटा आणि चालत असल्यास अंडे हे उपयुक्त अन्न होय. सहा ते आठ महिन्यांत दिवसाकाठी दोन-तीन वेळा, नंतर तीन-चार वेळा भरवावे आणि स्तनपान चालू ठेवावे. मीठ-साखर घालण्याची आवश्यकता नसते. बाळाचे बाळसे पावडरच्या डब्याने येते, हा समज जाहिरातींनी रुजवला. १९९२ च्या कायद्याने भारतात अशा दुग्धपर्यायांच्या व बाटल्यांच्या जाहिरातीस मनाई केली आहे.

मकर संक्रांत ते रथसप्तमी या काळात बोरन्हाण करतात. काळे झबले आणि हलव्याचे दागिने घातलेल्या बाळाच्या डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे कर्वे, हरभऱ्याचे घाटे ओततात आणि भोवतालची मुले ते लुटतात. वर्षाखालील बाळाने त्यातील काही तोंडात घातले, तर ते घशात अडकण्याचा संभव असतो, म्हणून कोणीतरी जाणते माणूस शेजारी बसवतात.

लसीकरण

शासकीय वेळापत्रकानुसार जन्मतः बीसीजी, पोलिओ व हिपॅटायटिस बी, सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात पंचगुणी लस, पोलिओ व रोटाव्हायरस, आणि नऊ महिने पूर्ण होताच गोवर-रुबेला व जीवनसत्त्व ‘अ’चा पहिला डोस दिला जातो. न्यूमोनियाविरुद्धची न्यूमोकोकल लस सहाव्या व चौदाव्या आठवड्यात आणि नवव्या महिन्यात असते. किरकोळ सर्दी-खोकल्यामुळे लस पुढे ढकलण्याची आवश्यकता नसते.

कामकरी स्त्रियांची बाळे

२०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे झाली. सहा महिने निव्वळ स्तनपान या शिफारशीशी ती जुळते. पण ही रजा नोंदणीकृत आस्थापनांतील स्त्रियांपुरती आहे. शेतमजूर, वीटभट्टीवरील कामगार, घरकामगार यांना तिचा लाभ नाही. मराठवाड्यातून, विशेषतः बीड जिल्ह्यातून, दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांच्या फडांवर जाणाऱ्या ऊसतोड मजुरांबरोबर तान्ही बाळेही जातात. त्यांचे पहिले हिवाळी महिने पाचटाच्या कोपीत, झाडाला बांधलेल्या झोळीत किंवा बैलगाडीच्या सावलीत जातात. आई पहाटेपासून फडात असल्याने सांभाळणारे माणूस पुष्कळदा सात-आठ वर्षांची बहीण असते, आणि त्या बहिणीची शाळा सुटते. वरचे अन्न सुरू करण्याचा सहावा महिना व गोवराच्या लसीचा नववा महिना याच हंगामात आला, तर दोन्ही हुकण्याचा धोका असतो. माता व बालसंरक्षण कार्डावरील नोंदीवरून कोणत्याही प्राथमिक आरोग्य केंद्रात पुढचा डोस मिळतो, म्हणून हे कार्ड गावी न ठेवता सोबत नेणे आवश्यक आहे. कार्ड हरवले असले तरी लस नाकारली जात नाही.